लेण्यातील दान आणि वसतिगृहातील ठराव

जुन्नरच्या लेण्यांत विद्यार्थ्यांना नेले की आम्ही त्यांना ब्राह्मी लिपीतील एका छोट्या दानलेखाची ओळख करून देतो. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले, एवढाच त्याचा आशय. त्यात राजाचे नाव नाही. मग आमचा प्रश्न असतो : इतक्या जणांनी मिळून हे ठरविले कसे?

लेखात याचे उत्तर मिळत नाही. परंतु भिक्खुसंघाची निर्णयाची रीत विनयपिटकात तपशीलवार आहे. संघापुढे ठराव मांडणे म्हणजे ज्ञप्ती. महत्त्वाच्या कार्यात तो तीनदा विचारला जाई. मान्य असणाऱ्याने मौन पाळावे, अमान्य असणाऱ्याने बोलावे. वाद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत मोजीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत याच संघांच्या सभानियमांचा दाखला दिला होता.

हे शिकविणारे आम्हीच एकदा चुकलो. पहाटेचा अभ्यास साडेचारला सुरू करावा, असा ठराव वसतिगृहाच्या सभेत आला. आम्ही एकदाच विचारले, सारे गप्प; इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी नववीतील एक मुलगी म्हणाली, “सर, त्याच वेळी आम्हां मुलींची पाण्याची पाळी असते.” काल का बोलली नाहीस, असे विचारता उत्तर आले, “तुम्ही विचारलंत आणि लगेच लिहायला लागलात.”

ठराव पुन्हा मांडला, या वेळी तीनदा. तो नामंजूर झाला.

गावाच्या ग्रामसभेतही हेच घडते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती उगीच नाही. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. म्हणजे मोठ्या गावात बहुतेकांच्या गैरहजेरीतही ठराव होतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे (१९९६) पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या पालकांना हे ठाऊक नसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

अठरा वर्षांखालील मुलांना मत नाही, पण बसून ऐकता येते. म्हणून उन्हाळी सुट्टीत १ मेच्या ग्रामसभेची नोंदवही हाच आमचा गृहपाठ : हजेरी, ठराव, सूचक, अनुमोदक. त्या प्रसंगानंतर त्यात ‘कोण बोलले नाही’ हा रकाना वाढविला आहे. वह्या तपासताना आम्ही प्रथम तोच पाहतो.