मधमाशीचा मेदपिंड आणि ऑक्सिडीकरणाचा ताण

मानवी शरीरात मेद प्रमाणाबाहेर वाढला की मेदऊतीतील ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येऊ लागतो. मधमाशीच्या बाबतीत चित्र उलटे आहे. तिला धोका असतो तो मेदऊतीच्या ऱ्हासाचा. मधुमक्षिकापालनाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

मेदपिंडाचे कार्य

कीटकांना यकृत नसते. उदरात त्वचेलगत पसरलेला मेदपिंड, म्हणजेच फॅट बॉडी, यकृत व मेदऊती या दोहोंचे काम करतो. स्निग्ध पदार्थ, ग्लायकोजेन व प्रथिने यांचा साठा, विषारी द्रव्यांचे विघटन आणि रोगप्रतिकारक प्रथिनांची निर्मिती ही त्याची प्रमुख कार्ये होत.

ताण आणि संरक्षण

पेशींतील तंतुकणिकांमध्ये ऊर्जानिर्मिती होत असताना सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड ही क्रियाशील द्रव्ये तयार होतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज व कॅटॅलेज ही विकरे त्यांना निष्प्रभ करतात. हा समतोल ढळल्यास स्निग्ध पदार्थ, प्रथिने व डीएनए यांना इजा पोहोचते.

मधमाशीला आणखी एक संरक्षण लाभले आहे. अंड्यातील बलकाचे पूर्वद्रव्य असलेले व्हायटेलोजेनिन हे प्रथिन कामकरी माशीच्या मेदपिंडातही तयार होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे प्रमाण घटवलेल्या माश्या पॅराक्वाट या ऑक्सिडीकारक तणनाशकाला अधिक बळी पडल्याचे दिसले. अळ्यांचे संगोपन करणाऱ्या तरुण माश्यांत हे प्रथिन विपुल असते. मकरंद व पराग आणण्यास बाहेर पडू लागल्यावर ते आणि मेदसाठा दोन्ही घटतात. उड्डाणाचे श्रम व कीटकनाशकांचा संपर्क मात्र याच वयात वाढतो. प्रौढ माश्यांवरील व्हरोआ कोळी तर मुख्यतः मेदपिंडावरच उपजीविका करतो, असे 2019 मधील संशोधनाने दाखवून दिले.

व्यवस्थापनातील बोध

फुलोऱ्याच्या टंचाईत केवळ साखरेचा पाक देण्याचा प्रघात आहे. पाकातून ऊर्जा मिळते, परंतु व्हायटेलोजेनिनच्या निर्मितीस लागणारी अमिनो आम्ले मिळत नाहीत. ती परागातून येतात. म्हणून:

• पराग उपलब्ध नसताना मेदरहित सोयाबीन पीठ, यीस्ट व साय काढलेल्या दुधाची भुकटी साखरेच्या पाकात मळून पूरक आहार द्यावा.
• व्हरोआची नियमित तपासणी करून वेळीच नियंत्रण करावे.
• पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. अपरिहार्य असल्यास माश्या पेटीत परतल्यावर सायंकाळी करावी.
• बांधावर वर्षभर क्रमाने फुलणाऱ्या वनस्पती राखाव्यात.

वसाहतीचे बळ केवळ माश्यांच्या संख्येवर ठरत नाही. प्रत्येक माशीच्या मेदपिंडात किती पोषण साठले आहे, यावरही ते अवलंबून असते.