अर्ध्यावर सिनेमा बघू नकोस

अगं ठके, थांब जरा. ‘शाळा’ निम्मी वाचून झालीये आणि सिनेमा आयता समोर आलाय, म्हणून बघून टाकणार आहेस ना? नको बघूस. आधी पुस्तक संपव.

एरवी मी असल्या बाबतीत सोवळं पाळणारी नाही, हे तुला ठाऊक आहे. ‘सिनेमाला पुस्तकाची सर नाही’ असं उठता-बसता म्हणणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा येतो. त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेलंही नसतं, असा माझा जुना संशय आहे. पण ‘शाळा’पुरतं माझं ऐक.

मिलिंद बोकिलांच्या त्या कादंबरीत तसं घडतं किती? नववीतला मुकुंद जोशी, त्याची टोळी, वर्गातली शिरोडकर आणि मागे कुठेतरी आणीबाणी. खरी गंमत आहे ती मुकुंदच्या डोक्यात अखंड चाललेल्या बडबडीत. सख्ख्या बहिणीला तो मनातल्या मनात ‘अंबाबाई’ म्हणतो (तू मला काय म्हणतेस ते मी विचारत नाहीये), मास्तरांची मापं काढतो आणि शिरोडकरने नुसती मान वळवली तरी तिचे दहा अर्थ लावत बसतो. आता हे कॅमेऱ्यात धरायचं कसं? सुजय डहाकेने २०१२ साली आलेला सिनेमा मन लावून केलाय, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. केतकी माटेगावकरची शिरोडकर तर फारच गोड आहे. पण तिथेच मेख आहे बघ. पुस्तकात शिरोडकर आपल्याला मुकुंदइतकीच दिसते, लांबून, चोरून, अर्धीमुर्धी. बाकीची आपण मनाने भरून काढतो. पडद्यावर ती अख्खी समोर येते. एकदा तो चेहरा पाहिलास की उरलेलं पुस्तक तू त्याच चेहऱ्याने वाचणार आणि आतापर्यंत तुझ्या मनात होती ती मुलगी गेली म्हणून समज. पुस्तक संपल्यावर पाहिलास तर निदान दोघी शेजारी शेजारी राहतात.

म्हणून माझं आपलं साधं गणित आहे. गोष्ट सांगणाऱ्या ‘मी’वर सगळी मदार असेल तर पुस्तक आधी. माणसांची नुसती जत्रा असेल तर खुशाल सिनेमा आधी बघ.

अरुण साधूंचंच घे ना. तू ‘सिंहासन’ दोनदा हातात घेतलंस आणि दोनदा खाली ठेवलंस. कबूल करत नाहीस, पण खूण अजून सुरुवातीच्याच पानांत आहे, मी पाहिलीय. मंत्री, आमदार, कामगार पुढारी, पत्रकार. कोण कोणाच्या गटात आणि कोण कोणाच्या जिवावर उठलंय, याचा ताळमेळ लागत नाही. अशा वेळी जब्बार पटेलांचा १९७९चा सिनेमा बघायचा. मग मुख्यमंत्री म्हटलं की अरुण सरनाईक, विश्वासराव दाभाडे म्हटलं की डॉक्टर लागू, आणि सगळं बघत हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हटलं की निळू फुले. चेहरे ओळखीचे झाले की कादंबरी सरसर पुढे जाते. निळूभाऊंना तू पाटलाच्या बेरकी भूमिकांतच पाहिलंयस. इथे त्यांचं नुसतं गप्प बसून ऐकणं बघ. आणि शेवटी ते जे काही करतात ते मी आत्ता सांगणार नाही.

आणखी एक. हा सिनेमा म्हणजे एका कादंबरीचा सारांश नाही. पटकथा तेंडुलकरांची, आणि त्यांनी साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्या एकत्र घेतल्या. दोन कपडे उसवून तिसराच शिवला म्हण. त्यामुळे मांडीवर पुस्तक घेऊन ‘हे गाळलं, ते बदललं’ अशी हजेरी घ्यायला बसशील तर तुझीच फजिती होईल. गाळलं काय हे कुणीही सांगेल. त्याच्या जागी आणलं काय, ते बघत जा.

‘नटरंग’मध्ये ते फार स्पष्ट दिसतं. आनंद यादवांनी कादंबरीत नायकाची, गुणाची घालमेल शब्दांत मांडली. २०१०च्या सिनेमात अतुल कुलकर्णीने ती अंगावर घेतली. आधी तो भरदार, पैलवानी गडी आणि मग नाच्या झाल्यावर तेच खांदे उतरलेले, मान कलती, हाताची बोटं वेगळीच बोलायला लागलेली. ते बघताना आपणच खुर्चीत चुळबुळतो. ही चुळबूळ पुस्तक वाचताना मला झाली नव्हती, खरं सांगते.

आणि हो, थिएटरमध्ये शेजारच्याच्या कानाशी लागून ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणायचं नाही. आपल्या आत्याबरोबर सिनेमाला जायला कुणी धजत नाही ते उगीच नाही.

‘शाळा’ संपली की मात्र एक मजेचा उद्योग आहे. ‘श्यामची आई’ काढ. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतोय, एकेक रात्र, अशा ४२ रात्री. म्हणजे इथेही सगळा भार सांगणाऱ्यावरच. अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा केला तेव्हा वनमालाबाईंची आई आणि माधव वझेंचा श्याम यांनीच तो व्यापून टाकला आणि तो राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आला. पुढे सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा तोच आपला सुजय डहाके! त्याने कृष्णधवल सिनेमा केला आणि खुद्द साने गुरुजींनाच पडद्यावर आणलं, ओम भुतकरच्या रूपात. ‘शाळा’त जो सांगणारा पडद्यावर पुरता आणता आला नव्हता, तो इथे त्याने थेट माणूस म्हणूनच उभा केला, असं मला वाटतं. ही माझी अटकळ हं, त्याने कुठे म्हटलंय म्हणून नाही.

हे दोन्ही ‘श्यामची आई’ एकाच आठवड्यात बघ, म्हणजे ताजे असताना बोलता येईल. कुठला जास्त आवडला ते मला कळव. आईपाशी मात्र डहाकेचं नाव पहिलं घेऊ नकोस. ती अत्र्यांच्या बाजूने भांडायला बसली की स्वयंपाक तुलाच करावा लागेल.