सपाट रस्ता, उलटा वारा

पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात दिवसभर सायकल चालवायची म्हटलं की बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात. पालघर ते बोईसर रेल्वेने 12 किलोमीटर, पुढे चिंचणी, मग डहाणू. घाट कुठेच नाही, तेव्हा ऐंशी-शंभर सहज होतील, असा हिशेब. माझ्या मते हा हिशेबच फसवा आहे. घाटात चढ दमवतो, पण उतारावर पाय सोडून बसता येतं. भातखाचरं आणि खाजणांमधून जाणाऱ्या या रस्त्यावर पाय थांबले की सायकल थांबते. तासन्‌तास एकाच बैठकीत पॅडल मारून मांड्यांच्या आधी मनगटं, मान आणि बैठक बोलायला लागतात.

खरा चढ वाऱ्याचा. पावसाळा सोडला तर पहाटे किनाऱ्यावर वारा मंद असतो. जमीन तापली की समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. सायकल ताशी 15 किलोमीटरने चालली असेल आणि समोरून तेवढाच वारा असेल, तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून पहाटे उत्तरेला जावं आणि दक्षिणेची वाट परतीला ठेवावी.

यावर कोणी म्हणेल, पाठचा वारा मिळाला की काम झालं. नाही. पाठचा वारा सायकलच्याच वेगाने आला तर अंगाला लागतच नाही. दमट हवेत घाम सुकत नाही आणि उकाडा चढत जातो. त्यामुळे बारा ते साडेतीन चिंचणीच्या बाजूला एखाद्या वाडीच्या सावलीत, मालकाला विचारून, काढावेत. पाण्यात मीठ-साखर घालून तहान लागायच्या आधीच घोट घोट पीत राहावं. दुसरा आक्षेप असा, की एमआयडीसीतले कामगार साध्या सायकलीवर रोज पाळीला जातातच ना? जातात, पण त्यांचं अंतर थोडं असतं, रस्त्यातला खड्डा न्‌ खड्डा ओळखीचा असतो आणि पोहोचल्यावर डोक्यावर छप्पर असतं.

बोईसरजवळ टँकर आणि ट्रेलरची वर्दळ मोठी, म्हणून पाळी सुटायची वेळ टाळावी. दक्षिणेकडे येताना वारा उजवीकडून लागतो आणि सायकलस्वार नकळत तिकडे कलतो. उजवीकडून टँकर पुढे जाताना वारा एकदम तुटतो, सायकल टँकरकडे झुकते. तो गेला की वारा पुन्हा आदळतो. मागून अवजड गाडीचा आवाज आला की वेग कमी करून हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरावं, गरज वाटली तर सरळ उतरावं.

तेव्हा आधी वारा कधी फिरतो, सावली आणि पाणी कुठे आहे, ते गावात विचारून घ्या. अंतर त्यानंतर ठरवा. नाहीच झेपलं, तर पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्टेशनं याच पट्ट्यात आहेत. तिथे थांबण्यात कमीपणा नाही.