गुणलेखक आणि वेळाधिकारी : बास्केटबॉलच्या टेबलावरील कर्तव्य व आचार

पावसाळा ओसरू लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात शालेय क्रीडा स्पर्धांची लगबग सुरू होते. १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ आधी जिल्हास्तरावर खेळतात. तेथे विजयी ठरलेला संघ नागपूर विभागाच्या स्पर्धेत जातो आणि भंडारा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर येथील संघांशी त्याची गाठ पडते. त्यापुढे राज्यस्तर. हे सामने बहुधा बाद पद्धतीने होत असल्यामुळे एका गुणाने हरलेल्या संघाचे ते वर्ष तेथेच संपते.

या स्पर्धांचा विचार करताना खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच आपल्या डोळ्यांपुढे येतात. मध्यरेषेसमोर टेबल मांडून बसलेल्या मंडळींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळदा ऐन वेळी मोकळ्या दिसणाऱ्या विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या हाती पेन व घड्याळ दिले जाते. हे काम किरकोळ नाही. पंचाने दिलेला निर्णय टेबलावर लिहिला जातो तेव्हाच तो सामन्याच्या निकालात समाविष्ट होतो. म्हणून या कामाची रीत आणि त्यामागील आचार विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टेबलावरील चौघे

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनुसार टेबलावर चार अधिकारी असतात : गुणलेखक, सहायक गुणलेखक, वेळाधिकारी आणि शॉट क्लॉक सांभाळणारा. गुणलेखक गुणपत्रक लिहितो. सहायक गुणलेखक गुणफलक चालवतो आणि त्याला आकडे पडताळून देतो. वेळाधिकारी सामन्याचे घड्याळ सांभाळतो, तर चौथा अधिकारी २४ व १४ सेकंदांची मोजणी पाहतो.

सामन्यापूर्वी किमान ४० मिनिटे खेळाडूंची यादी गुणलेखकाकडे यावी आणि किमान १० मिनिटे आधी दोन्ही प्रशिक्षकांनी ती तपासून स्वाक्षरी करावी, असा नियम आहे. यादीतील क्रमांक आणि खेळाडूच्या अंगावरील क्रमांक एकच आहेत की नाहीत, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. खेळ सुरू झाल्यावर उद्भवणारे निम्मे वाद येथेच टळतात.

गुणपत्रकाची भाषा

गुणपत्रकात १ ते १६० असे चढते अंक छापलेले असतात. दोन गुणांच्या बास्केटसाठी नव्या बेरजेच्या अंकावर तिरकी रेघ मारावयाची आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक लिहावयाचा. बास्केट तीन गुणांचे असेल तर त्या क्रमांकाभोवती वर्तुळ करावयाचे. फ्री थ्रोचा एक गुण भरीव ठिपक्याने दाखवावयाचा. पहिला व तिसरा क्वार्टर लाल शाईने आणि दुसरा व चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने लिहावा. त्यामुळे कोणता गुण कोणत्या क्वार्टरमधील, हे पुढे कोणालाही एका दृष्टिक्षेपात कळते.

खेळाडूचा पाचवा फाउल नोंदला जाताच पंचाला कळवणे हे गुणलेखकाचे काम आहे. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाल्यावर पुढील फाउलपासून सामान्यतः प्रतिपक्षाला दोन फ्री थ्रो मिळतात. तेव्हा एक फाउल लिहावयाचा राहिला, तर चुकीच्या खेळाडूला बाहेर जावे लागेल किंवा हक्काचे फ्री थ्रो नाकारले जातील.

लिहिण्याची एक साधी शिस्त आहे. पंच टेबलाकडे वळून बोटांनी खेळाडूचा क्रमांक दाखवतो, मग फाउलचा प्रकार आणि शेवटी शिक्षा. गुणलेखकाने तो क्रमांक मोठ्याने उच्चारावा, सहायकाने तो पुन्हा उच्चारावा आणि त्यानंतरच पेन टेकवावे. पंचाची खूण दिसली नाही तर अंदाजाने लिहू नये. त्याला पुन्हा विचारावे. अशा वेळी विचारण्यात कोणताही कमीपणा नाही. प्रत्येक टाइम-आउटला गुणपत्रक आणि गुणफलक यांचा मेळ घालावा. उघड्या मैदानावर वाऱ्याने कागद उडतो, म्हणून जाड पुठ्ठा आणि चिमटे जवळ असावेत. मोबाइल फोन मात्र टेबलावर नसावा.

घड्याळावरचा हात

खो-खो खेळणाऱ्या आपल्या मुलांना वेळाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कोण किती मिनिटे व किती सेकंद पळाला, यावरच तेथे खेळाडूची ख्याती ठरते. बास्केटबॉलमध्ये फरक इतकाच की घड्याळ वारंवार थांबते. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा आणि बरोबरी झाल्यास पाच मिनिटांच्या अतिरिक्त वेळाचा असतो. स्पर्धेच्या नियमावलीत निराळा अवधी ठरला असल्यास तो आधीच विचारून लिहून घ्यावा.

उडीच्या चेंडूवर खेळाडूने नियमानुसार चेंडू टोलवताच घड्याळ सुरू होते. बाहेरून चेंडू आत टाकताना तो मैदानातील खेळाडूला लागल्यावर ते सुरू होते, चेंडू हातातून सुटल्यावर नव्हे. शिट्टी वाजताच घड्याळ थांबते. चौथ्या क्वार्टरच्या व अतिरिक्त वेळाच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावरही ते थांबते. वेळाधिकाऱ्याने डोळे चेंडूवर, कान शिट्टीवर आणि अंगठा बटणावर ठेवावा. सुंदर बास्केट पाहून टाळीसाठी हात उचलणारा वेळाधिकारी त्या क्षणापुरता प्रेक्षक होतो आणि तेवढी सेकंदे कोणा एका संघाच्या खात्यातून जातात.

म्युनिकमधील तीन सेकंदे

टेबलावरील गोंधळ किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सापडते. तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो साधले आणि अमेरिका ५०–४९ अशी पुढे गेली. दुसऱ्या फ्री थ्रोच्याच वेळी टेबलावरील भोंगा वाजला. आपण टाइम-आउट मागितला होता, असे सोव्हिएत संघाचे म्हणणे होते. खेळ सुरू झाला आणि एक सेकंद शिल्लक असताना थांबला. तेव्हा फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी तीन सेकंदे पुन्हा लावावयास सांगितले. परंतु घड्याळ नीट लागण्यापूर्वीच चेंडू खेळात आला, भोंगा वाजला आणि अमेरिकेने विजयोत्सव सुरू केला. मग तीच तीन सेकंदे तिसऱ्यांदा खेळली गेली. इव्हान येदेश्कोने मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केले आणि सोव्हिएत संघ ५१–५० असा विजयी ठरला.

ब्राझीलचे पंच रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रकावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. अमेरिकेचे अपील ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळले गेले आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. खरा विजेता कोण, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. आपल्यासाठी धडा इतकाच की प्रशिक्षक, टेबल आणि पंच या तिघांकडे एकाच क्षणी एकच माहिती नव्हती. टाइम-आउटची मागणी आली की ती टेबलावरील सर्वांना ऐकू जाईल अशी सांगावी आणि पहिल्या योग्य संधीला पंचाला खूण करावी. घड्याळ दुरुस्त करावयाचे असेल, तर ते लागल्याची खात्री होईपर्यंत पंचाला तसे स्पष्ट सांगावे.

चूक आढळल्यास

आता एक कल्पित प्रसंग पाहू. एका मुलीने तीन गुणांच्या रेषेवर पाय ठेवून बास्केट केले. पंचाने दोन गुण दिले, गुणपत्रकावर दोनच लिहिले गेले, पण गुणफलकावर तीन चढले. सामना संपला तेव्हा फलक ४२–४१ असा यजमान शाळेचा विजय दाखवतो. गुणपत्रक मात्र ४१–४१ सांगते. मुली आनंदाने नाचू लागल्या आहेत. गुणलेखक त्याच शाळेचा विद्यार्थी आहे आणि फरक केवळ त्याच्याच लक्षात आला आहे.

नियम स्पष्ट आहे. गुणफलक आणि गुणपत्रक यांतील फरक अन्यथा सुटत नसेल, तर गुणपत्रक प्रमाण मानले जाते. मुख्य पंचाची स्वाक्षरी होईपर्यंत गुणांची चूक दुरुस्त करता येते, तिच्यामुळे निकाल बदलत असला तरीही. म्हणजे येथे आणखी पाच मिनिटे खेळावयास हवीत. स्वाक्षरी झाल्यावर पंचांचा अधिकार संपतो. खेळ चालू असतानाच चूक दिसली, तर भोंगा लगेच वाजवू नये. चेंडू प्रथमच ‘डेड’ होईल तेव्हा पंचाला बोलवावे.

नियम सांगणे सोपे, पाळणे अवघड. त्या विद्यार्थ्याला आपल्याच मैत्रिणींचा आनंद थांबवावा लागेल आणि वसतिगृहात परतल्यावर बोलणीही ऐकावी लागतील. म्हणून गुणलेखकाची खरी परीक्षा अक्षराच्या वळणात नसून या दोन मिनिटांत आहे. शिक्षकांनीही हे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये. शक्य तेथे न खेळणाऱ्या शाळेचे विद्यार्थी टेबलावर बसवावेत. तसे शक्य नसेल, तर दोन्ही शाळांचे एकेक जण शेजारी असावेत.

टेबलावरील आचार

टेबलावर बसलेल्याने कोणत्याही संघासाठी टाळी वाजवू नये, खेळाडूला सूचना देऊ नये आणि पंचाच्या निर्णयावर मान हलवू नये. प्रशिक्षकाने गुण, फाउल वा उरलेले टाइम-आउट विचारले, तर दोन्ही बाजूंना सारखेच आणि गुणपत्रकात असेल तेवढेच सांगावे. प्रेक्षकांशी वाद घालू नये. सामन्यानंतर पंचांच्या आधी टेबलावरील सर्वांनी स्वाक्षऱ्या कराव्यात. मुख्य पंचाची स्वाक्षरी शेवटची.

नागपाड्याचे अब्बास मुन्तसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. ही नावे आपण आदराने घेतो. त्यांच्या सामन्यांचे गुण कोणी लिहिले, हे आपल्याला ठाऊक नसते. परंतु त्या अनाम हातांवर विश्वास ठेवूनच आपण त्यांचे विक्रम खरे मानतो.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी तर हा कागद आणखी मोलाचा आहे. शालेय स्पर्धेतील कामगिरीवर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात आणि राज्याच्या शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील शेतमजुराच्या मुलीकडे शिफारस करणारे कोणी नसते. तिच्याकडे असते ते प्रमाणपत्र आणि त्या प्रमाणपत्रामागे असते गुणपत्रक. ते खोटे झाले तर तिच्या श्रमांचा दुसरा साक्षीदार उरत नाही.

स्वाध्याय

१. खेळ चालू असताना गुणलेखकास बेरजेतील चूक आढळली, तर त्याने कोणत्या क्रमाने काय करावे?
२. बाहेरून टाकलेला चेंडू कोणालाही न लागता मैदानाबाहेर गेला. घड्याळ सुरू व्हावयास हवे होते काय? कारण सांगा.
३. शाळेच्या पुढील सराव सामन्यात दोघांनी स्वतंत्रपणे गुणपत्रक लिहावे. दोन्ही पत्रके जुळत नसतील, तर फरक नेमका कोठे पडला ते शोधून वर्गात मांडावे.