दोन याद्यांची जुळणी

ग्रंथसाठ्याची पडताळणी करण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना दोन याद्या जुळविणे म्हणजे काय हे सांगावयास नको. एका बाजूस दाखल नोंदवही, दुसऱ्या बाजूस कपाटांतील ग्रंथ पाहून टिपलेले दाखल क्रमांक. नोंदवहीत आहे पण टिपणात नाही, असा प्रत्येक क्रमांक म्हणजे सकृद्दर्शनी गहाळ झालेला ग्रंथ. (वाचकांनी घरी नेलेल्या ग्रंथांचे क्रमांक टिपणात आधीच मिळवून घ्यावयाचे, हे उघड आहे.) नव्या दिल्लीतील मंत्रालयांच्या ग्रंथालयांना केंद्र सरकारची २०१७ ची सामान्य वित्तीय नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ग्रंथसंख्या २०,००० पर्यंत असल्यास संपूर्ण पडताळणी दरवर्षी करावी लागते. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांची हानी, तीत अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणा नसेल तर, वाजवी मानली जाते. परंतु १,००० रुपयांहून अधिक किमतीचा किंवा दुर्मिळ ग्रंथ हरवल्यास चौकशी अटळ आहे. तेव्हा ‘नाही’ हा शब्द येथे जपून उच्चारावयास हवा.

हे काम संगणकावर सोपवावयाचे झाल्यास शेल हे साधन हाताशी असते. युनिक्स प्रणालीत माणसाच्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा भाग तो शेल. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झाले. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले ‘बॅश’ हे १९८९ चे. दोहोंतही ‘फॉर’ या शब्दाने फेरा सुरू होतो, आणि ‘डू’ व ‘डन’ यांच्या मध्ये लिहिलेल्या आज्ञा यादीतील प्रत्येक नोंदीसाठी एकदा पार पाडल्या जातात. एका फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा घातला की जुळणीचे यंत्र तयार झाले. बाहेरचा फेरा नोंदवहीतील एक क्रमांक उचलतो. आतला फेरा तो क्रमांक घेऊन टिपणाची संपूर्ण यादी चाळतो.

समजा, नोंदवहीत १०१, १०२ आणि १०३ हे क्रमांक आहेत व टिपणात १०३ आणि १०१. बाहेरचा फेरा १०१ उचलतो. आतला फेरा त्याची तुलना प्रथम १०३ शी करतो. जुळत नाही. नवशिका येथेच घाई करतो व आतल्या फेऱ्यातच ‘१०१ गहाळ’ असे छापण्याची आज्ञा देतो. वस्तुतः १०१ पुढच्याच ओळीत आहे. न जुळणारी एक नोंद काहीच सिद्ध करीत नाही. सापडल्याचा निर्णय एका तुलनेत होतो, न सापडल्याचा निर्णय मात्र यादी संपल्यावरच.

म्हणून एक खूण ठेवावयाची. आतला फेरा सुरू होण्यापूर्वी तिचे मूल्य ०. क्रमांक जुळला की १, आणि ‘ब्रेक’ या आज्ञेने आतल्या फेऱ्यातून बाहेर. फेरा संपल्यावर खूण अद्याप ० असेल तरच ग्रंथ गहाळ. वरील उदाहरणात तसा एकटा १०२ निघतो. मात्र ही खूण बाहेरच्या फेऱ्याच्या प्रत्येक खेपेस पुन्हा ० करावी लागते. ते राहिले तर १०१ च्या वेळचा १ तसाच पुढे जातो आणि हरवलेला १०२ ही हजर ठरतो. पहिल्या चुकीने निरपराध ग्रंथपाल अडचणीत येतो, दुसरीने चोर सुटतो. आणि दुसरी चूक अधिक वाईट, कारण सर्व काही ठीक दिसत असताना कोणी शोध घेत नाही.

आणखी एक अडचण नेहमी भेटते. संख्येच्या मागे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह असू शकते. विंडोज संगणकावर तयार केलेल्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी असे एक जादा चिन्ह राहते. मग दोन्हीकडे १०१ दिसत असूनही शेल त्यांना भिन्न समजते आणि सारे ग्रंथालयच गहाळ होते! ०१०१ आणि १०१ यांचेही तसेच. अक्षरशः तुलना केली तर ते दोन निराळे क्रमांक आहेत. ग्रंथनामांनी जुळणी करू नये, हे तर सांगावयासच नको: ‘फॉर’ साधारणतः मोकळ्या जागेवर शब्द तोडतो, आणि दोन शब्दांचे नाव दोन नोंदी होऊन बसते.

श्रमाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. २०,००० च्या दोन याद्या म्हणजे जास्तीत जास्त ४० कोटी तुलना. शेलला त्या जड जातात. दोन्ही याद्या ‘सॉर्ट’ या आज्ञेने एकाच क्रमाने लावून ‘कॉम’ या आज्ञेच्या हवाली केल्या, तर दोन्हींवर एकेक बोट ठेवून मागे असलेले बोट पुढे सरकवीत जावे तशी जुळणी होते. याद्या लावण्याचे श्रम सोडता ४०,००० च्या आत तुलना पुरतात. लहान याद्यांना फेऱ्यात फेरा पुरेसा आहे, आणि त्यातील प्रत्येक पाऊल वाचून तपासता येते.

अखेरीस याद्यांची अदलाबदल करून तीच जुळणी पुन्हा चालवावी. या खेपेस कपाटात असलेले पण नोंदवहीत नसलेले क्रमांक हाती लागतात: टिपताना चुकलेले आकडे, किंवा क्रमांक पडला पण नोंद राहून गेली असे ग्रंथ. १०२ गहाळ आणि १२० जादा, असे दोन्ही एकदम निघाले, तर चौकशीचा कागद लिहिण्यापूर्वी कपाटाकडे एक चक्कर मारलेली बरी.