छपरावरची काठी कोणीकडे फिरवायची?



अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. कर्नाटकाची सीमा तेथून थोड्याच किलोमीटरांवर. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा चालतात. त्यामुळे संध्याकाळी कट्ट्यावर टीव्हीच्या गप्पा निघाल्या की त्याही दोन्ही भाषांत रंगतात. एकजण मराठी मालिकेतील सासूचा निवाडा करतो, दुसरा कन्नड मालिकेतील नायकाची बाजू घेतो, तिसऱ्याला हिंदी गाण्यांच्या स्पर्धेत कोण जिंकणार याची काळजी. मध्येच कोणीतरी साबणाच्या जाहिरातीचे गाणे गुणगुणतो आणि सगळे हसतात.

या गप्पांची एक अट असते. कालचा भाग प्रत्येकाने पाहिलेला असला पाहिजे. ज्याच्या घरी चित्र आलेच नाही, तो नुसता ऐकत बसतो. आज असे क्वचितच घडते. पण एके काळी या गप्पांत कोण सामील होणार आणि कोण बाहेर राहणार, हे बऱ्याच अंशी पृथ्वीच्या गोलाईने ठरवले होते. कसे, ते आपण पाहू.

रेडिओ ऐकू येई, मग चित्र का नाही?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’सारख्या मालिकांनी मुंबईकरांना गप्पांना विषय दिला. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिरातीही दिसू लागल्या. मैंदर्गी मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरावरचे आकाशवाणी केंद्र रात्रीच्या वेळी साध्या रेडिओवर लागू शकते, पण तेथील चित्र मात्र येत नाही. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. मग हा भेद का?

कारण आहे तरंगलांबीत. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. त्या जमिनीला धरून काही अंतर वळतात. शिवाय रात्री वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर त्यांना परत खाली पाठवते. आपल्याकडे दूरदर्शनसाठी प्रथम वापरलेल्या लहरींची वारंवारता सुमारे ४७ ते २३० मेगाहर्ट्झ, म्हणजे लांबी अवघी सव्वा ते साडेसहा मीटर. या लहरी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात आणि जमिनीजवळ जवळजवळ सरळ रेषेत चालतात. जमीन मात्र सरळ नाही, ती गोल आहे. म्हणून मनोऱ्याच्या टोकावरून जेवढे ‘दिसते’, साधारणपणे तेवढ्याच मुलखाला चित्र मिळते.

क्षितिज किती लांब?

हे गणित दहावीचा विद्यार्थी सहज करील. मनोऱ्याची उंची ‘उ’, पृथ्वीची त्रिज्या ‘त्रि’ आणि मनोऱ्याच्या टोकापासून क्षितिजाचे अंतर ‘अ’ माना. क्षितिजाकडे जाणारी रेषा ही पृथ्वीची स्पर्शिका आहे, म्हणून ती त्रिज्येला लंब असते. पायथागोरसच्या सिद्धांतावरून,

(त्रि + उ)² = त्रि² + अ²

‘उ’ हा ‘त्रि’च्या मानाने फार लहान असल्यामुळे त्याचा वर्ग सोडून दिला, तर

अ = √(२ × त्रि × उ)

समजा, मनोरा १०० मीटर म्हणजे ०.१ किलोमीटर उंच आहे. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर घेतली तर अ = √१२८० = सुमारे ३६ किलोमीटर. आता समजा, आपल्या घरावरील अँटेना जमिनीपासून १० मीटर उंच आहे. तिचेही स्वतःचे क्षितिज आहे, ते √१२८ = सुमारे ११ किलोमीटर. दोन्ही क्षितिजे एकमेकांना टेकेपर्यंत चित्र मिळू शकते, म्हणजे एकंदर ४७ किलोमीटरपर्यंत.

नकाशा घेऊन मोजा. सोलापूर ते मैंदर्गी हे सरळ अंतर जवळजवळ तेवढेच, ४५ ते ५० किलोमीटर भरते! आपण समजुतीसाठी घेतलेल्या मनोऱ्याचे क्षितिज नेमके गावापाशी संपते. अशा गावात काठी दोन मीटर उंच केली तर चित्र सुधारते, आणि मध्ये एखादा उंचवटा असला तर बिघडते.

हवेची थोडी मदतही होते. वर जावे तशी हवा विरळ होत जाते, म्हणून लहर किंचित खाली वाकते आणि पल्ला सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. आपले ४७ किलोमीटर त्यामुळे ५४ होतात. हिवाळ्यातील शांत रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचला तर लहर आणखी वाकते, आणि एरवी न दिसणारे दूरचे केंद्र अचानक दिसू लागते. ऊन वर आले की थर मोडतो आणि केंद्र नाहीसे होते. शेजारी सांगतो ते खोटे नसते, त्याने ते खरोखरच पाहिलेले असते!

पूर्व की पश्चिम?

सीमेवरच्या गावापुढे आणखी एक प्रश्न होता. १९७७ साली गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) येथे दूरदर्शनचा प्रक्षेपक उभा राहिला. मैंदर्गीहून गुलबर्गा ५५ ते ६० किलोमीटर, आणि दिशा पूर्वेची. सोलापूर आहे पश्चिमेला, थोडे उत्तरेकडे. म्हणजे एक केंद्र समोर, तर दुसरे जवळजवळ पाठीमागे.

माशाच्या काट्यासारखी दिसणारी ‘यागी’ अँटेना सर्व दिशांनी सारखे ऐकत नाही. तिच्या मुख्य दांड्याची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असते. २०० मेगाहर्ट्झसाठी तरंगलांबी दीड मीटर, म्हणून दांडा सुमारे पाऊण मीटर. त्याच्या पुढील आखूड दांड्या समोरून येणारी लहर बळकट करतात, तर मागील लांब दांडी पाठीमागची लहर अडवते. त्यामुळे सीमेवरच्या घराला एक तर दोन काठ्या उभारायच्या, नाही तर एकच फिरवायची.

१९८४ मध्ये देशभर भराभर लहान प्रक्षेपक उभारले गेले. त्याच वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले. त्या काळी गावोगाव छपरावरून एकच हाक ऐकू येई. “काय गं, आलं का?” खालून उत्तर, “आलं, आलं… गेलं! होतं तिथंच धर!” छपरावरचा तो मुलगा नकळत पदार्थविज्ञानाचा प्रयोगच करीत होता. चित्रातील माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसली, तर तीच लहर कशावर तरी आपटून किंचित उशिरा पोचली आहे, असे समजावे.

लहरीला सीमा ठाऊक नसते

मनोरा जितका उंच तितका मुलूख मोठा. मग मनोरा अवकाशातच नेला तर? १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने हेच करून पाहिले. ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रयोगात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरला होता. अहमदाबादहून पाठविलेले कार्यक्रम तो ८६० मेगाहर्ट्झवर परत पाठवी, आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत तीन मीटर व्यासाच्या जाळीच्या थाळ्या ते झेलत. गावकरी एकाच संचापुढे जमत आणि शेती, आरोग्य, शिक्षण यांवरील कार्यक्रम पाहत.

कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे या प्रयोगात होते. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. म्हणजे सीमेपलीकडील जिल्ह्यांच्या निवडक खेड्यांत उपग्रहाचे चित्र दिसत होते आणि मैंदर्गीत नव्हते. पण उपग्रहाचा झोत काही सीमारेषा पाहून थांबत नव्हता. विज्ञानलेखक आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतील घरी तशी थाळी बसवली, तेव्हा तेथेही हे कार्यक्रम दिसले! लहर मैंदर्गीच्या छपरांवरही रोज पडत होती. ती झेलायला थाळी तेवढी नव्हती. लहर कोठे पोचते ते निसर्गाचे नियम ठरवतात, संच कोठे ठेवायचा ते माणसे ठरवतात. या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

आजची थाळी

आता घरोघरी लहान थाळ्या आहेत. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, म्हणून आपल्या थाळ्या कधीच उत्तरेकडे तोंड करीत नाहीत. मराठी, कन्नड, हिंदी सर्व काही एकाच दिशेने येते, काठी फिरवावी लागत नाही. मात्र वर जाऊन खाली येण्यास लहरीला सुमारे पाव सेकंद लागतो. मोबाइलवर तोच क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याला तर कित्येक सेकंद उशीर होतो, कारण तेथे चित्राचे तुकडे करून, साठवून, मग दाखवतात. म्हणून शेजारच्या घरातून “आउट!” अशी आरोळी आधी ऐकू येते आणि आपला फलंदाज मात्र अजून खेळतच असतो.

करून पाहा

१. होकायंत्राने गावातील पाच थाळ्यांच्या दिशा मोजा. त्या सारख्या आहेत का? नसतील तर का?

२. मनोरा १५० मीटर उंच आणि घरावरील अँटेना १० मीटर उंच असेल, तर हवेची मदत धरून मैंदर्गीला गुलबर्ग्याचे चित्र मिळेल का? (उत्तर : पल्ला सुमारे ६३ किलोमीटर. मध्ये उंचवटा नसेल तर मिळेल.)

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या छपरावरची काठी कोणीकडे तोंड करून होती? नकाशावर ती दिशा काढा. रेषेच्या टोकाशी कोणते गाव येते, ते पाहा. त्या घरातल्या गप्पांचा विषय कोठून येत होता, ते तुम्हाला कळेल.