आधी स्टँड, मग छत्री

मेणवलीच्या घाटावरून माझी ६० इंची छत्री कृष्णेत तरंगत गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. मे महिना होता. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं जोडपं पायऱ्यांवर बसलं होतं आणि वळवाच्या आधी सुटतो तसा वारा एकाएकी सुटला. स्टँड आधी नुसता डोलला. मग त्याने एक पाय उचलला आणि सावकाश, कुणी अडवायला येतंय का हे बघत असल्यासारखा, आडवा झाला. फ्लॅश दगडी पायरीवर आपटला. डोकं एकीकडे, सेलचं झाकण दुसरीकडे. छत्री मात्र उपडी होऊन ऐटीत पाण्यात निघाली. नवरदेव म्हणाला, "मॅडम, हा फोटो आला का?"

त्या छत्रीसाठी मी तीन महिने पैसे बाजूला टाकले होते. स्टँड घेतला होता दुकानातला सगळ्यात स्वस्त, कारण स्टँड म्हणजे काय, नळ्याच तर! वाई आणि आसपासच्या गावांत लग्नं, बारशी, मुंजी काढताना त्यानंतर जे शिकले ते पुढे लिहिते. क्रम मला सुचला तसा आहे.

१. पैसे आधी स्टँडला.

छत्री फाटली तर छत्री जाते. स्टँड पडला तर छत्री, फ्लॅश, ट्रिगर आणि कधीकधी कुणाच्या तरी काकांचं डोकं. तरीही नवा माणूस उलटंच करतो, मीही केलं. स्टँड बघताना मी आता तीन गोष्टी बघते. पाय उघडल्यावर किती पसरतात, मधली सगळ्यात वरची नळी किती जाड आहे आणि पिळाचे नट घट्ट केल्यावर नळी हाताने दाबून खाली घसरते का. कंपनी लिहिते ती उंची मी पाऊणच खरी धरते. आठ फुटी स्टँड आठ फुटांवर उभा राहतो, पण काम सहा-साडेसहा फुटांपर्यंतच करतो. वरची बारीक नळी पूर्ण ओढली की तो वेळूसारखा हलायला लागतो. म्हणून उंची वाढवताना खालची जाड नळी आधी, वरची बारीक नळी शेवटी.

नळीत हवेची उशी असलेला स्टँड मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. नट सैल करताना हात निसटला तर डोलारा धाडकन न येता सावकाश खाली बसतो. माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखाला विचारा.

२. छत्री किती मोठी, हे ती किती जवळ आहे त्यावर ठरतं.

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मऊ उजेड छत्रीच्या इंचांतून येतो असं मला वाटायचं. तो येतो समोरच्या चेहऱ्याला छत्री किती मोठी दिसते यातून. ४३ इंची छत्री चेहऱ्यापासून साडेतीन फुटांवर ठेवली तर ती चेहऱ्याच्या दृष्टीने एक अख्खी खिडकी असते. तीच १२ फुटांवर नेली की नुसता दिवा होतो आणि नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी गालावर पडते. सूर्य आपल्या छत्रीपेक्षा केवढा तरी मोठा आहे, पण इतका लांब आहे की दुपारी त्याची सावली कडकच पडते.

एकदा एका वाड्यात नव्वदीच्या आजींचा फोटो काढायचा होता. मी ६० इंची छत्री घेऊन गेले, ती माजघरात उघडेना. दरवाज्याबाहेर सोप्यावर उभी केली, दहा फुटांवर. सुरकुत्या खडकासारख्या आल्या. मग ३३ इंची काढली आणि आजींच्या इतकी जवळ आणली की त्या म्हणाल्या, "अगं, पाऊस आहे का घरात?" फोटोत सुरकुत्या राहिल्या, पण हाताने गोंजारल्यासारख्या.

तेव्हापासून माझा अंदाज असा: एका माणसाचा फोटो असेल तर छत्री जेवढी रुंद तेवढ्याच अंतरावर तिला आणायचं. ४३ इंची असेल तर साडेतीन फूट. फ्रेममध्ये कापड डोकावायला लागलं की दोन बोटं मागे. जवळ आणण्याचा दुसरा फायदा असा की फ्लॅशला कमी राबावं लागतं. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. चार फुटांवरून बारा फुटांवर गेलात तर नववा हिस्सा उरतो. चार सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला हा हिशेब फार लवकर कळतो. आपल्याला तो अक्षता पडायच्या वेळी कळतो, फ्लॅश भरायला सहा सेकंद घ्यायला लागतो तेव्हा.

३. छत्रीवर लिहिलेले इंच टेपने मोजा.

बऱ्याच कंपन्या छत्रीच्या वक्र पाठीवरून माप घेतात. माझी ४३ इंची छत्री उघडून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ मोजली, तर ३७ इंच भरली. फसवणूक नाही, रीत आहे. दोन कंपन्यांच्या छत्र्यांची तुलना मात्र टेपनेच करावी.

४. ६० इंची छत्री कशासाठी?

एकाच कामासाठी: मामाकडचे, काकाकडचे, शेजारचे, सगळे स्टेजवर चढतात त्या फोटोसाठी.

तीन रांगा असतात. पहिली रांग छत्रीपासून ६ फुटांवर आणि तिसरी ९ फुटांवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्याहून कमी उजेड मिळतो. पुढे खाली बसलेली पोरं भुतासारखी पांढरी, मागचे मामा अंधारात. स्टँड मागे नेऊन हेच अंतर १२ आणि १५ फूट केलं की मागच्यांना जवळपास दोन तृतीयांश मिळतो. तेवढा फरक डोळ्याला खपतो. पण १२ फुटांवर लहान छत्री कडक होते. म्हणून मोठी हवी. आणि पुढच्यांची सावली मागच्यांच्या तोंडावर पडू नये म्हणून ती आठ-नऊ फूट उंच हवी. आता हिशेब करा: ६० इंचीचं कापड ४३ इंचीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे वाराही दुप्पट धरणार, आणि ते सगळं स्टँडच्या सगळ्यात बारीक नळीवर, सगळ्यात उंच. म्हणून ज्याच्याकडे जाड, रुंद पायांचा स्टँड नाही, त्याने ६० इंची घेऊच नये. मी तेच केलं होतं. कृष्णेला वाहिली.

मंगल कार्यालयात वर बघायला विसरू नका. लांब दांडीचा पंखा असतो. उंच करत नेलेल्या माझ्या छत्रीच्या दोन काड्या त्याने एका फेरीत तोडल्या, आणि भटजी मंगलाष्टक थांबवून माझ्याकडे बघत राहिले.

५. पांढरी, चंदेरी आणि पैठणीची जर.

चंदेरी अस्तराची छत्री जास्त उजेड परत फेकते, म्हणून ती शहाणपणाची वाटते. मलाही वाटली. पैठणीच्या पदरावर ती मारून बघा. जरीचे मोर जळून पांढरे होतात, नथीच्या मोत्यावर एक टोचरा ठिपका येतो आणि मे महिन्यातल्या नवरीच्या कपाळावरचा घाम तेलासारखा चमकतो. पांढऱ्या कापडातून आरपार मारलेल्या उजेडात जर जरीसारखी दिसते. कापड स्टॉपभर तरी उजेड खातं, ते खाऊ द्यावं.

आरपार छत्री चेहऱ्याच्या अगदी जवळ आणता येते, कारण फ्लॅश आणि दांडा पलीकडे राहतात. उलटी, म्हणजे परावर्तनाची छत्री जवळ आणली तर दांड्याचं टोक नवऱ्याच्या मुंडावळ्यांत अडकतं. पण आरपार छत्रीचा दोष असा की उजेड चोहीकडे उधळतो. कार्यालयाची भिंत पोपटी असेल (आणि ती असतेच), तर नवरीही थोडी पोपटी होते. पहिलीच छत्री घेत असाल तर काळं आवरण काढता-घालता येणारी पांढरी घ्या, ४३ इंची. आरपारही होते, उलटीही होते. चंदेरी नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही.

चष्मेवाले असतील तर छत्री वर आणि बाजूला सरकवा, काचेतला पांढरा गोळा निघून जातो.

६. फ्लॅशचा झूम.

कॅमेऱ्यावरून उतरवलेला फ्लॅश कधीकधी १०५ वरच अडकून राहतो. मग छत्रीच्या मधोमध भाकरीएवढा उजेड पडतो आणि बाकीचं कापड रिकामं. ४३ इंचीचे पैसे देऊन तुम्ही १५ इंची वापरत असता. हाताने २४ किंवा ३५ वर आणा, मोठ्या छत्रीत फ्लॅश दांड्यावर आणखी मागे सरकवा आणि एकदा नुसत्या छत्रीचाच फोटो काढून बघा.

७. कोपराएवढा तो सांधा.

स्टँड आणि फ्लॅश यांच्या मध्ये जो वळणारा सांधा असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्टँडच्या माथ्यावरची खुंटी बहुतेक ठिकाणी १६ मिलिमीटरची, म्हणजे पाच अष्टमांश इंचाची असते. सांधा तिच्यावर बसतो आणि बाजूच्या पिळाने आवळला जातो. प्लॅस्टिकचा सांधा उन्हाळ्यात मान टाकतो. धातूचाच घ्या. त्यात छत्रीच्या दांड्याचं भोक थोडं तिरपं असतं, ते फ्लॅशच्या बाजूला चढतं असं बसवायचं. उलटं बसवलं तर फ्लॅश छत्रीच्या मध्यावर न पडता वरच्या काठावर पडतो. मी सांधा तीन वर्षं उलटा वापरला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

८. वारा.

आता मेणवलीवर परत येते, कारण तिथे चुकलं ते फक्त स्टँडमुळे नव्हे. पाय कुठल्या दिशेला होते, तेही चुकलं होतं. तीन पायांचा स्टँड दोन पायांच्या मधल्या बाजूला सहज कलंडतो. एखादा पाय नेमका त्या दिशेला ठेवला तर आधाराची लांबी दुप्पट होते. म्हणून वारा ज्या बाजूला ढकलतोय, त्या बाजूला एक पाय. वजन वाऱ्याकडच्या पायावर. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो, आणि पैसा लागत नाही.

वजनासाठी विकतची वाळूची पिशवी मी कधी भरलेली नेली नाही. रिकामी नेते. गावात कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच. विचारून दोन घमेली वाळू घेते, काम झाल्यावर परत ओतते. नाहीतर पाण्याचा पाच लिटरचा कॅन, पाच किलो बरोबर. पिशवी पायावर टेकलेली हवी. नुसती मध्ये लोंबती ठेवली तर वाऱ्यात झोके घेते आणि स्टँडला सोबत नेते.

घाटाच्या पायऱ्यांवर एक पाय लांब होणारा स्टँड मिळाला तर सोनं. तो नसेल तर पायऱ्या सोडून खालच्या सपाट दगडावर या. समुद्रावर काम असेल तर रुंद पायांखाली फळीचे तुकडे द्या आणि घरी आल्यावर नळ्या ओल्या फडक्याने पुसा. नटात गेलेली वाळू पुढच्या लग्नात करकरते.

वारा फारच असेल तर छत्री मिटवून ठेवते. कडक उजेडाचा फोटोही फोटोच असतो.

९. भाचा.

माझा भाचा दहावीत असताना सुट्टीत माझ्याबरोबर यायचा. चार फुटी दांड्यावर फ्लॅश आणि छत्री लावून त्याच्या हातात द्यायची. "थोडं डावीकडे", "आता वर", "अरे, नवरीकडे बघू नकोस, छत्रीकडे बघ." वऱ्हाड मध्ये आलं तर तो आपोआप बाजूला होतो, मूल धावत आलं तर उचलून घेतो, वारा आला तर अंग वाकडं करतो. असा स्टँड कुठल्याही कंपनीने काढलेला नाही. दोष एकच: अर्ध्या तासाने, "आत्या, हात भरून आले." आणि पंगत बसली की तो दिसतच नाही.

आता तो पुण्याला असतो. मग पुन्हा लोखंड.

१०. घडी किती लांब?

मी स्कूटरवर फिरते. त्यामुळे दुकानात मी स्टँडची उंची विचारायच्या आधी घडी मोजते. पाय उलटे दुमडून दीड-पावणेदोन फुटांत बसणारे स्टँड मिळतात, पायाशी आडवे राहतात. ते हलके, म्हणजेच वाऱ्यात बिनकामाचे. घरातल्या बारशाला छान. जड स्टँड तीन फुटांचा, तो कार्यालयात आदल्या संध्याकाळीच रिक्षाने पाठवते. एकाच स्टँडने दोन्ही कामं होतील ही आशा मी सोडली आहे. छत्रीचंही तसंच: दोनदा दुमडणारी पर्समध्ये मावते, पण तिच्या काड्या आधी मोडतात.

तुम्ही घ्यायला निघालाच असाल तर एक करा. छत्री आणि फ्लॅश बरोबर न्या. दुकानातच स्टँड पूर्ण उभा करा, छत्री उघडा, सगळ्यात वर चढवा आणि नळीला हलकासा धक्का द्या. दुकानदार "ताई, चांगलाच आहे हो, सगळे हाच नेतात" म्हणेल. म्हणू द्या. छत्री डोलायची थांबेपर्यंत मनात आकडे मोजा, आणि तीनच्या पुढे गेलात तर दुसरा दाखवायला सांगा.